कच्चा काळा, पक्का काळा : बिदरी कलेच्या इतिहासाची एक दुर्लक्षित बाजू

दख्खनच्या हस्तकलांचा विषय निघाला की बिदरीचे नाव पहिल्या दोन-चार नावांत घ्यावेच लागते. हुक्क्याचे भांडे, पानदान, सुराही, आफताबा, उगालदान अशा वस्तूंवरील चांदीची वेलबुट्टी बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेली असते. या कलेविषयी लिहिणारे लेखकही बहुधा दोन गोष्टी सांगून थांबतात. एक म्हणजे ही कला इराणातून आली, आणि दुसरी म्हणजे बिदरच्या किल्ल्यातील मातीमुळे तिला काळा रंग चढतो. ही विधाने खोटी आहेत असे नाही, परंतु ती अर्धी आहेत. विशेषतः काळ्या रंगाच्या बाबतीत हे अर्धेपण ठळकपणे जाणवते, कारण बिदरीची वस्तू एकदा नव्हे तर दोनदा काळी केली जाते. पहिला काळा रंग लावला जातो तो पुढे काढून टाकण्यासाठीच. दुसरा लावला जातो तो टिकण्यासाठी. कापड रंगविणाऱ्यांच्या भाषेत बोलायचे तर एक कच्चा आणि एक पक्का. प्रस्तुत लेखात या दोन रंगांचा, त्यांच्यामागील ज्ञानाचा आणि ते ज्ञान ज्या शब्दांत साठले आहे त्या शब्दांचा विचार करावयाचा आहे.

भालकीहून बिदर अवघे ४० किलोमीटर. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. भालकी, औराद, हुमनाबाद हे तालुके म्हैसूर राज्यात आले, तर उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. घरोघरीची बिदरी भांडी मात्र जिथे होती तिथेच राहिली. त्यामुळे आज सीमेच्या अलीकडे-पलीकडे मराठी बोलणाऱ्या आणि दखनी बोलणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या घरांत एखादे जुने पानदान निघते, आणि त्याच्याबरोबर त्याची निगा कशी राखायची याविषयीचे अज्ञानही निघते. त्याचा एक अनुभव लेखाच्या शेवटी येईल.

आधी कृती पाहू. बिदरीची धातू म्हणजे जस्त आणि त्यात थोडे तांबे. साधारणतः १६ भाग जस्ताला १ भाग तांबे असे प्रमाण सांगितले जाते. जुन्या वर्णनांत शिसे आणि कथील यांचाही उल्लेख येतो. साध्या मातीत एरंडेल तेल व राळ मिसळून साचा करतात आणि त्यात ही धातू ओततात. साच्यातून निघालेली वस्तू खडबडीत असते. ती कानशीने घासून, पॉलिश पेपरने गुळगुळीत केली की जस्ताचा मूळचा पांढरट चकचकीत रंग दिसू लागतो.

येथे कारागिरापुढे पहिली अडचण उभी राहते. त्या चकचकीत पांढऱ्या पृष्ठभागावर पोलादी टोकाने काढलेली बारीक रेघ डोळ्याला दिसत नाही. म्हणून तो वस्तूवर मोरचुदाचे पाणी चोळतो. क्षणार्धात वस्तू काळी होते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने यात नवल नाही. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. जस्त त्या क्षारातील तांब्याला बाजूला सारून स्वतः त्याची जागा घेते, आणि बाजूला पडलेले तांबे अतिशय सूक्ष्म कणांच्या रूपाने पृष्ठभागावर बसते. हे कण इतके बारीक असतात की ते तांबूस न दिसता काळे दिसतात. या पातळ काळ्या थरावर कारागीर नक्षी रेखाटतो. पाटीवर पेन्सिलीने लिहावे तशी पांढरी रेघ उमटते. कागदावरचा आराखडा किंवा छाप न वापरता केवळ हाताने काढलेली ही रेखाटणे पाहणे हा एक वेगळाच आनंद आहे. फुलाच्या पाकळ्यांची संख्याही न मोजता बरोबर येते.

त्यानंतर मेण लावलेल्या दगडावर वस्तू घट्ट बसवून, लहान लहान कलमांनी त्या रेघा खोल खोदल्या जातात. कलम हा शब्द लेखणीसाठीही तोच आणि या छिन्नीसाठीही तोच. खोदलेल्या खाचेत चांदीची तार किंवा पत्र्याचा तुकडा ठोकून बसविला जातो. मग पुन्हा कानस चालते. वर आलेली चांदी सपाट होते आणि त्याच घासण्यात मोरचुदाचा कच्चा काळा थर पूर्णपणे निघून जातो.

या टप्प्याकडे अभ्यासकांनी फारसे लक्ष दिलेले नाही, आणि माझ्या मते तोच सर्वांत बोलका आहे. काळा थर निघाल्यावर वस्तू पुन्हा पांढरी होते. चांदीही पांढरी, जस्तही पांढरे. कित्येक दिवस खपून केलेली नक्षी जवळजवळ नाहीशी होते. प्रकाशाकडे तिरपे धरल्याशिवाय ती दिसत नाही. नवख्या माणसाला वाटावे की काम बिघडले. कारागीर मात्र निश्चिंत असतो, कारण त्याला पुढचे माहीत असते.

पुढचे म्हणजे पक्का काळा रंग. वस्तू मंद आचेवर तापवितात. किल्ल्यातील विशिष्ट माती आणि नवसागर पाण्यात एकत्र करून ते मिश्रण तापलेल्या वस्तूला लावतात किंवा वस्तू त्यात उकळतात. जस्ताची सारी भूमी गडद काळी होते आणि चांदीला काहीही होत नाही. शेवटी धुऊन, तेलाचा हात फिरविला की काळ्या रंगाला खोली येते.

हा दुसरा काळा रंग पहिल्यासारखा वरून बसलेला नसतो. तो धातूतूनच निर्माण होतो. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधील बिदरी वस्तूंवर सुसान स्ट्राँग यांचे पुस्तक १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि १९८७ मध्ये सुसान ला निस व ग्रॅहम मार्टिन यांनी या धातूची प्रयोगशाळेत केलेली तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांच्या कामामुळे एक गोष्ट स्पष्ट झाली. जस्तात मिसळलेले ते थोडेसे तांबे केवळ मजबुतीसाठी नसते. नवसागर व मातीतील क्षार पृष्ठभागावरचे जस्त खातात, तांबे मागे राहते, आणि तांब्याचे प्रमाण वाढलेल्या त्या थरामुळे गडद काळेपणा येतो. निव्वळ जस्तावर हाच प्रयोग केला तर असा काळा रंग येत नाही. म्हणजे रंगाची तयारी माती लावण्याच्या दिवशी होत नाही. ती ओतकाम करणाऱ्याने मुशीत तांब्याचा तुकडा टाकला तेव्हाच झालेली असते. ओतणारा, रेखाटणारा, खोदणारा, चांदी बसविणारा आणि रंग देणारा असे वेगवेगळे हात या कामात असतात, परंतु पहिल्या हाताला शेवटच्या हाताचे काम ठाऊक असावे लागते. ज्यांना आपण निरक्षर कारागीर म्हणतो त्यांच्याकडे हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या होते, हे येथे नोंदविले पाहिजे.

आता मातीविषयी. बिदरच्या किल्ल्यातील जुन्या बांधकामाच्या ज्या भागांना ऊन व पाऊस लागलेला नाही, तेथील माती कारागीर आणतात. ती योग्य आहे की नाही हे ते जिभेवर ठेवून ठरवितात. माझ्यासमोर एका उस्तादांनी दोन पुड्यांतील माती चाखून एक बाजूला सारली होती. पर्यटकांना हा प्रकार चमत्कारिक वाटतो, आणि काही वाटाडे त्याला दंतकथेची जोडही देतात. १६५७ मध्ये शहजादा औरंगजेबाने बिदरला वेढा घातला तेव्हा किल्ल्यातील दारूगोळ्याचा स्फोट होऊन किल्लेदार सिद्दी मरजान भाजून मृत्यू पावला, हा इतिहास आहे. त्या दारूमुळेच मातीत गुण उतरला, असे सांगणारे लोक भेटतात. दारूतील मुख्य घटक शोरा आणि मातीतील उपयुक्त क्षारही त्याच जातीचा, त्यामुळे ही कल्पना सुचणे स्वाभाविक आहे. परंतु जेथे माणसे व जनावरे दीर्घकाळ राहिली, तेथल्या जुन्या भिंतींच्या तळाशी आणि आडोशाच्या मातीत शोरा आपोआप तयार होतो. तो पाण्यात सहज विरघळतो, म्हणून पावसात भिजलेल्या मातीतून वाहून जातो. ऊन-पाऊस न लागलेली माती हवी, या कारागिरांच्या अटीचा अर्थ हा असा साधा आहे. जिभेला जाणवते ती त्या क्षाराची थंड, खारट चव.

याला एक जुना पुरावाही आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील वनस्पतितज्ज्ञ डॉ. बेंजामिन हाइन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बिदरीची कृती लिहून ठेवली. रंगासाठी लागणाऱ्या मातीचे वर्णन करताना त्यांनी हिंदुस्थानातील जुन्या गावांतल्या मातीच्या भिंतींच्या तळाशी सापडणाऱ्या क्षारयुक्त मातीचा उल्लेख केला आहे. शिवाय बिदरी काम पूर्णिया, मुर्शिदाबाद आणि लखनौ येथेही होत असे. पूर्णियाच्या कामाची नोंद फ्रान्सिस बुकानन यांनी १८०९-१० च्या पाहणीत केली आहे. पूर्णियाचा कारागीर माती आणण्यासाठी बिदरच्या किल्ल्यात येत नव्हता. त्यामुळे किल्ल्याच्या मातीला जे श्रेय आपण सरसकट देतो त्यातील बराच वाटा तिची पारख करणाऱ्या जिभेला द्यावा लागतो. हे म्हटल्याने बिदरचा मान कमी होत नाही. त्या दूरच्या गावांतही या कामाचे नाव बिदरीच राहिले, यातच बिदरचा मान आहे.

कलेच्या उगमाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. परंपरा अशी सांगते की बहमनी सुलतानांच्या काळात अब्दुल्ला बिन कैसर नावाचा इराणी कारागीर बिदरला आला आणि त्याने ही कला येथे रुजविली. बहमनींची राजधानी पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशहा वलीने गुलबर्ग्याहून बिदरला आणली. इराणी विद्वान, शायर, कारागीर यांचा ओघ तेव्हापासून वाढला आणि १४७२ मध्ये पूर्ण झालेला महमूद गावानचा मदरसा त्याची साक्ष देत उभा आहे. मात्र पंधराव्या शतकातील म्हणून निःसंशय दाखविता येईल अशी एकही बिदरी वस्तू उपलब्ध नाही. जाणकार सर्वांत जुन्या उपलब्ध वस्तू साधारणतः सतराव्या शतकातील मानतात. परंपरा आणि वस्तू यांच्यात दीड-दोनशे वर्षांची पोकळी आहे.

ही पोकळी भरण्यासाठी कागदपत्रे मिळत नसतील तर भाषेकडे वळावे, असे मला भाषेचा विद्यार्थी म्हणून वाटते. चांदी बसविण्याच्या पद्धतींची नावे पाहा. तारेच्या कामाला तारकशी. खोल खाचेत पत्रा बसविण्याला तहनिशान. तह म्हणजे तळ, निशान म्हणजे खूण. चांदी पृष्ठभागाच्या वर उठून राहिली तर ज़रबुलंद. पत्र्यातून नक्षी कापून काढून ती चांदीची चादर वस्तूवर चढविली, म्हणजे चांदी भूमी झाली आणि फुले काळी दिसली, तर आफताबी. सूर्याचे नाव त्याला का दिले असेल हे असे एखादे पानदान उन्हात धरल्यावर कळते. आणखी एक शब्द ज़रनिशान. ज़र म्हणजे सोने. बिदरीत सोने क्वचितच वापरले जाते, तरी नाव सोन्याचे आहे. अबुल फज्ल याने आईन-ए-अकबरीत शाही कारखान्यांतील जडावाच्या कारागिरांची यादी दिली आहे. तीत ज़रनिशान आहे, लोखंडावर सोन्याचे काम करणारा कोफ्तगर आहे, खोदलेल्या नक्षीवर काळे मिश्रण घासून भरणारा सवादकार आहे. बिदरीगर मात्र तीत नाही. यावरून असे म्हणता येते की खोदून धातू भरण्याची ही परिभाषा बिदरीपेक्षा व्यापक होती आणि दुसऱ्या धातूंवरील कामातून ती बिदरीत आली.

आता साहित्याची नावे पाहा. जस्त हा शब्द उर्दूत आणि मराठीत एकच आहे आणि तो संस्कृत यशदाशी जोडला जातो. मोरचुदाला उर्दूत तूतिया किंवा नीला थोथा म्हणतात, आणि त्यामागे संस्कृत तुत्थ आहे. राळ, एरंडेल ही तर इथलीच नावे. नवसागर मात्र उलट दिशेने आला. मराठी माणसाला त्यात नऊ सागर दिसतात, पण तो फारसी नौशादरचा मराठी अवतार आहे, समुद्राशी त्याचा काही संबंध नाही. अशा रीतीने हाताच्या कौशल्याची नावे फारसी आणि भट्टीजवळच्या वस्तूंची नावे बहुतांशी हिंदुस्थानी, अशी ही विभागणी आहे.

धातूचा इतिहासही याच बाजूने बोलतो. खोरासान, हेरात, मोसूल येथे बाराव्या-तेराव्या शतकांत पितळेवर चांदी बसविण्याचे अप्रतिम काम होत असे. जस्ताची भांडी करून त्यांना काळे करण्याची परंपरा मात्र तिकडे दिसत नाही. जस्त शुद्ध स्वरूपात मिळविणे फार अवघड आहे. ते ४१९ अंश सेल्सिअसला वितळते आणि ९०७ अंशाला उकळते, त्यामुळे खनिजातून मोकळे होताच वाफ होऊन उडून जाते. ती वाफ बंद मुशीतून थंड जागी उतरवून घेण्याची रीत राजस्थानात उदयपूरजवळ जावर येथे मोठ्या प्रमाणावर चालत होती. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्त काढण्याचे पेटंट घेतले ते १७३८ मध्ये, म्हणजे जावरनंतर कित्येक शतकांनी. यावरून माझा निष्कर्ष असा की अब्दुल्ला बिन कैसरची कथा पूर्णपणे टाकून देण्याचे कारण नाही, पण तो इराणातून तयार कला घेऊन आला असेल हे संभवत नाही. चांदी बसविण्याची रीत बाहेरची, धातू हिंदुस्थानची, आणि या दोहोंना काळ्या रंगाने एकत्र आणले ते दख्खनने. सवादकाराच्या कामात काळे मिश्रण रेघांत भरले जाते आणि भूमी चकचकीत राहते. बिदरीने हे उलटे केले. जपानमध्येही तांब्यात थोडे सोने मिसळून रसायनांनी काळा केलेला शाकुडो नावाचा धातू आहे, आणि तेथेही रंग वरून न लावता आतून काढला जातो. दोघांचा परस्परांशी संबंध असल्याचे दिसत नाही, पण विचार सारखा आहे.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. मोगल व नंतर आसफजाही काळात हुक्का आणि पानदान यांच्यामुळे बिदरीला मागणी राहिली. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात बिदरी वस्तू मांडल्या गेल्या आणि तेथून त्या युरोपातील संग्रहालयांत पोहोचल्या. टी. एन. मुखर्जी यांनी १८८८ मध्ये आणि जॉर्ज वॉट यांनी १९०३ च्या दिल्ली प्रदर्शनाच्या निमित्ताने तिच्यावर लिहिले. हुक्के गेले तसे फुलदाण्या, डब्या, कफलिंक, पेनस्टँड आले. २००५-०६ मध्ये बिदरीला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली, आणि २०२३ मध्ये बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री देण्यात आली. हैदराबादचे सालारजंग म्युझियम आणि मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय येथे जुन्या वस्तू पाहता येतात. तेथे जाणाऱ्याने चांदीबरोबर काळ्या भूमीकडेही पाहावे. ती काही ठिकाणी करडी पडलेली असते, आणि त्यामागे पुष्कळदा वयापेक्षा चुकीची सफाई असते.

याच चुकीच्या सफाईचा आमच्या घरातला प्रसंग असा. माझ्या दादीच्या लग्नातले एक बिदरी पानदान होते. आफताबी नव्हे, साधे तारकशीचे. माझ्या लहानपणी घरातील एका लग्नाआधी सगळी पितळी भांडी चिंच आणि राखेने घासायला काढली होती, त्यांच्यात हे पानदानही गेले. चिंचेची आंबटाई पितळेला उजळविते तशी ती जस्तालाही खाते. भांडे लख्ख पांढरे झाले आणि घासणाऱ्यांना आनंद झाला. दादीने ते हातात घेऊन बराच वेळ फिरवून पाहिले आणि नक्षी कुठे गेली असे विचारले. नक्षी जागच्या जागीच होती. कच्चा काळा थर काढल्यावर बिदरी ज्या अवस्थेत येते, नेमक्या त्या अवस्थेला ते पानदान पन्नासेक वर्षांनी परत गेले होते, हे तेव्हा आम्हां कोणालाच माहीत नव्हते. नक्षी गेली असे समजून ते माळ्यावर पडले.

दादीच्या पश्चात अनेक वर्षांनी मी ते बिदरला त्याच उस्तादांकडे नेले. त्यांनी ते खिडकीशी तिरपे धरले, बोटाने तारा चाचपल्या आणि झाकणावर तीन ठिकाणी तार निघून गेल्याचे दाखविले. मग बारीक पॉलिश पेपर फिरवून ते शेगडीवर तापविले आणि मातीचे पाणी लावले. मिनिटाभरात भूमी काळी पडली आणि वेल वर आला. नवीन तार घालायची का असे त्यांनी विचारले. जुनी तार जाड आहे, आता इतकी जाड चांदी कुणी घालत नाही, नवी वेगळी दिसेल, असेही त्यांनीच सांगितले. मी त्या तीन खाचा तशाच ठेवायला सांगितल्या. उस्तादांनी पानदानाला तेलाचा हात दिला, कागदात गुंडाळले आणि पाणी लागू देऊ नका, चिंच तर मुळीच नको, सुक्या मऊ कापडाने पुसा, असे दोनदा बजावून माझ्या हाती दिले.